बोट लावलं की ओटा सरकतो

मापकाका कुणाच्याही घरी गेले तरी बैठकीच्या खोलीत थांबत नसत. चपला दाराशी, नमस्कार उंबऱ्यात आणि पाय सरळ स्वयंपाकघराकडे. "बसा ना," असं कुणी म्हणालं तर म्हणत, "बसतो की, पण आत." मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आपलं घडीचं स्टूल उघडून बसत, खांद्यावरची पिशवी उतरवत, तिच्यातला लॅपटॉप काढून मांडीवर घेत आणि त्या घरात जो कुणी रांधत असेल त्याला सांगत, "आता मला खोटा स्वयंपाक करून दाखवा."

लोक आधी हसत. मग लाजत. मग हळूहळू रिकाम्या हातांनी कामाला लागत. नसलेल्या कढईत नसलेलं तेल ओतत, हवेतला कांदा चिरत, आणि काका मध्येच "दूध उतू चाललंय!" असं ओरडले की दचकून ज्या बाजूला उडी घेत ती बाजू काका हेरून ठेवत. शेगडी तिथेच यायची. त्यांची नजर हातांवर नसे, पायांवर असे. माणूस तोंडाने जे सांगतो ते त्याला शोभेलसं वाटणारं स्वयंपाकघर, आणि पाय सांगतात ते त्याचं खरं, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

लाकडी ओटे आणि कपाटं करणाऱ्या एका कारखान्यात ते नोकरीला होते. घरी जाऊन माप घ्यायचं, तिथेच बसून सॉफ्टवेअरमध्ये आराखडा काढायचा, घरच्यांना दाखवायचा, पक्का करायचा. मग ते सॉफ्टवेअर आपणहून हिशोब करून सांगायचं की कुठली फळी किती लांब, किती रुंद. त्याप्रमाणे मिस्त्री फळ्या कापायचा. काकांनी आयुष्यात एक खिळा ठोकला नव्हता, पण शहरातल्या कितीतरी बायका आणि बरेचसे पुरुष त्यांनी ठरवून दिलेल्या जागी उभं राहून कांदा चिरताना रडत होते. यात त्यांना एक प्रकारचं समाधान होतं.

आराखडा झाला की लॅपटॉप घरच्यांकडे वळवायचा. मग पडद्यावर बोटांची झुंबड. "सिंक इथं हवं." "इथं नाही, इथं." "आणि माझे डबे? ते काय डोक्यावर ठेवू?" पिठाची बोटं, तेलाची बोटं, पोरांची चिकट बोटं. संध्याकाळी काका घरी येऊन मऊ फडक्याने पडदा पुसायला बसत, आणि बायको विचारायची, "आज कुणाकुणाची बोटं आणलीत?"

त्या लॅपटॉपला मिस्त्री पाटा म्हणायचा, कारण तो तेवढाच जड होता आणि काकांनी त्यावर तेवढंच काही वाटलं होतं. त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी होती. कळांवरची अक्षरं पुसून गेली होती. आतला पंखा म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरायचा आणि कधी कधी मांजरासारखाच कारण नसताना गप्प व्हायचा. पण त्याच्या पोटात काकांनी आपल्या हातांनी बनवून ठेवलेले खण होते, कोपरे होते, आणि आता पुन्हा कुणी मागणार नाही अशा विचित्र लोकांसाठी काढलेली विचित्र कपाटं होती.

एके सकाळी काकांना सदऱ्याच्या बाहीत उजवा हात घालता येईना. हात अर्ध्यात गेला आणि तिथेच थांबला. जणू बाहीच्या आत कुणीतरी आधीच होतं. बायकोने हात बाहेर काढला, त्यांना दुसरा सदरा नेसवल्यासारखा चढवला आणि दवाखान्यात नेलं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी खांदा दाबला, फिरवला, काकांना दोनदा "आई गं" म्हणायला लावलं आणि विचारलं, "या खांद्यावर रोज काय असतं?"

"पाटा," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग सांगितलं की काय असेल ते, पण ते ओझं घेऊन जिने चढणं आता बंद.

ही बातमी मालकीणबाईंपर्यंत पोहोचली. मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. लहानपणी ती काकांची टेप घेऊन कारखान्यातल्या मांजरीची लांबी मोजायची. आता कारखाना तीच चालवायची, आणि वडिलांपेक्षा बरा चालवायची.

"काका, घरोघर फिरणं पुरे. शोरूममध्ये बसा. पंखा आहे, मऊ खुर्ची आहे. लोक इथेच येतील."

"आणि त्यांची स्वयंपाकघरं?"

"फोटो आणतील की."

"फोटोत पाय दिसत नाहीत, बाई."

"कसले पाय?"

काका शोरूममध्ये जाऊन उभे राहिले. तिथे एक नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. नळ होता, पाणी नव्हतं. शेगडी होती, आच नव्हती. काचेच्या बरण्यांत कागदाचे तुकडे भरले होते आणि टोपलीत मेणाची सफरचंदं होती, त्यांच्यावर धूळ. मेल्यानंतर माणसाला स्वयंपाकघर मिळत असेल तर ते असंच असेल, असं काकांच्या मनात आलं. सगळं स्वच्छ, सगळं मापात, आणि भूक लागायची सोय नाही. त्यांनी एक सफरचंद उचलून फुंकलं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काकांची मुलगी घरी आली आणि तिने आपला टॅब वडिलांपुढे ठेवला.

"बाबा, हा घ्या. तुमचं तेच सॉफ्टवेअर यावर चालतं. मी घालून दिलंय."

"तेच?"

"म्हणजे... जवळजवळ तेच."

"जवळजवळ म्हणजे किती बोटं कमी?"

"बघा की वापरून! आधी रडगाणं कशाला?"

"अगं, सवत आणलीस पाट्याला," आई आतून म्हणाली. "आता त्यांना झोप लागायची नाही."

टॅब हातात घेतला तेव्हा काकांना प्रथम काळजी वाटली, की हा इतका हलका आहे तर याच्या आत काय असणार. पण दोन दिवसांत ते खुळावले. त्यावर पेन्सिलीने रेघ ओढता येत होती. भिंतीसमोर धरला की रिकाम्या भिंतीवर कपाट उभं राहिलेलं दिसत होतं. त्यांनी घरातल्या प्रत्येक भिंतीवर कपाटं उभी करून पाहिली, न्हाणीघरातसुद्धा. बायको म्हणाली, "ते मात्र काढा. मला लाज वाटते."

मग 'जवळजवळ' म्हणजे किती, ते हळूहळू कळायला लागलं. फळ्यांची मापं काढून देणारी आज्ञा टॅबमध्ये नव्हतीच. पाट्याच्या पोटातले खण आणि कोपरे टॅबमध्ये यायला तयार नव्हते. आकडा लिहायला गेलं की खालून कळांचा फलक वर यायचा आणि अर्धं स्वयंपाकघर गिळून टाकायचा. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे पाट्यावर काका नेहमी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून ठेवायचे. एकीत स्वयंपाकघर वरून दिसायचं, छतावरच्या पालीला दिसावं तसं. दुसरीत समोरून, रांधणाऱ्याला दिसतं तसं. टॅबवर एका वेळी एकच. वरून पाहा नाहीतर समोरून पाहा. एक डोळा झाकून रस्ता ओलांडावा तसं त्यांना वाटायचं.

तरी ते मालकीणबाईंकडे गेले. म्हणाले, "पाटा मिस्त्रीच्या टेबलावर राहील. फळ्यांची मापं त्यावर निघतील. बाकी सगळं काम मी या पाटीवर करीन, आणि घरोघर जाईन."

"म्हणजे टॅब लॅपटॉपच्या जागी आला नाहीच. लॅपटॉप बैठं काम करणार आणि हा फिरतीचं."

"माझ्यासारखी दोन माणसं एक नोकरी वाटून घेतात तसं समजा."

मालकीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "काका, चुकीची फळी कापली गेली की ती जळणात जाते. तुम्हाला माहीत आहे. मी एक स्वयंपाकघर देते. मापापासून आराखड्यापर्यंत सगळं टॅबवर करा. जोडणीच्या दिवशी मी स्वतः येईन. सगळं बरोबर बसलं तर तुम्ही आणि तुमची पाटी फिरायला मोकळे. एक फळी चुकली, तरी शोरूमची खुर्ची."

"कबूल," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे मेणाची सफरचंदं चमकून गेली.

ते स्वयंपाकघर दोघी बहिणींचं होतं. वरच्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. काका जिना चढले तेव्हा खांद्यावर इतकं कमी ओझं होतं की काहीतरी घरी विसरलं असावं म्हणून ते दोनदा थांबले.

थोरली उंच आणि ताठ. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती आणि अजूनही ती समोरच्याला लाइनवर थांबवून ठेवल्यासारखी बोलायची. धाकटी तिच्या खांद्याला जेमतेम लागायची. ती पडदे शिवायची, आणि तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे की काय, फारसं बोलायची नाही. काका स्वयंपाकघरात शिरले तेव्हा धाकटीने पायाने काहीतरी टेबलाखाली सारलं. काका स्टूल उघडत होते. त्यांना ते दिसलं, पण त्यांनी ते पाहिलं नाही.

"खोटा स्वयंपाक?" थोरली म्हणाली. "आम्ही काय भातुकली खेळायच्या वयाच्या आहोत?"

"त्या वयाच्या नाही म्हणूनच सांगतो. करा सुरू."

थोरलीने हवेतली कढई चढवली. धाकटीने ओट्याच्या उजव्या टोकाला हवेतलं पीठ मळायला घेतलं. काका टॅब मांडीवर घेऊन त्यांचे पाय बघत राहिले. मग ओरडले, "दूध उतू चाललंय!"

दोघींनी एकदम उडी घेतली आणि एकमेकींवर आदळल्या.

"बघितलंत?" थोरली दंड चोळत म्हणाली. "जन्मभर हेच. दूध ही विसरणार आणि धक्का मी खाणार."

"दूध तू ठेवतेस, ताई."

"मी ठेवते, पण लक्ष कोणी द्यायचं?"

काकांनी खूश होऊन भराभर रेघा ओढल्या. मध्ये खिडकी, तिच्याखाली सिंक. डावीकडे शेगडी, ती थोरलीची. उजवीकडे पीठ मळायची, भाजी चिरायची जागा, ती धाकटीची. सगळं झालं तसं त्यांनी समोरून दिसणारं चित्र लावून टॅब दोघींकडे वळवला.

"सिंक खिडकीखाली ना? म्हणजे इथं," थोरली म्हणाली आणि तिने पडद्यावर बोट टेकवलं. सिंक सुळकन कोपऱ्यात गेलं. तिने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. "अरे देवा! हे पळालं!"

"बोट लावलं की सरकतं," काका म्हणाले आणि त्यांनी मागे घ्यायच्या बाणावर टिचकी मारली. सिंक परत आलं. "नुसतं दाखवा. लावू नका."

"न लावता दाखवायचं कसं? हवेत?"

"हवेतच."

"आधी हवेत स्वयंपाक, आता हवेत बोट. तुमचा ओटा तरी जमिनीवर असणार ना?"

तरीही बोट लागतच राहिलं. शेगडी भिंतीत शिरली. एक कपाट उलटं झालं. काका बाण दाबून दाबून सगळं जागेवर आणत होते. पाट्यावर लोकांनी इतकी वर्षं बोटं आपटली होती आणि पाटा ढिम्म हलला नव्हता. ही पाटी मात्र कुणाचंही ऐकत होती. ती नव्या सुनेसारखी वागते आहे, असं काकांना वाटलं. प्रत्येकाच्या इशाऱ्यावर उठते आणि घराची दैना करते.

"पाण्याचा नळ बाहेरून येतो, तो बघितलात का?" थोरली म्हणाली. "आधी तो बघा, मग सिंकचं बोला. चला." आणि ती गॅलरीकडे निघाली. काकांनी टॅब धाकटीच्या हातात दिला. "तेवढा धरा हं," म्हणून ते मागोमाग गेले.

नळ बघून परत आले तेव्हा धाकटीने टॅब दोन्ही हातांनी परत दिला, झोपलेलं मूल द्यावं तसा.

"काही हलवलं नाहीस ना?" थोरलीने विचारलं.

"मी नुसतं दाखवलं."

कुणाला दाखवलं, हे कुणी विचारलं नाही.

काकांनी पुन्हा वरचं चित्र लावून आराखडा नीट तपासला. सिंक खिडकीखाली. शेगडी डावीकडे. सगळं आपापल्या जागी. जिन्यातच त्यांनी तो कारखान्यात पाठवून दिला आणि शीळ घालत खाली उतरले. कित्येक वर्षांत त्यांनी जिन्यात शीळ घातली नव्हती. ओझं घेऊन शीळ घालता येत नाही, श्वास पुरत नाही.

जोडणीच्या दिवशी मालकीणबाई खरंच आल्या. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मिस्त्री आणि त्याच्या माणसांनी एकेक कपाट वर आणून जागेवर बसवलं. डावीकडचं, मधलं. बेताने सगळं भिंतीला चिकटलं. मग उजवीकडचं शेवटचं आलं. मिस्त्रीने ते सरकवलं, कपाटांवर पाणसळ ठेवली, आणि पाणसळीतला बुडबुडा बघायची गरजच पडली नाही. ती आडवी पट्टी मध्येच लटकत राहिली. उजवं कपाट बाकीच्यांपेक्षा खाली होतं. वर दगड बसल्यावर ओट्याला पायरी पडणार होती.

मिस्त्रीने हात लावून पाहिलं. "चार बोटं," तो म्हणाला.

मालकीणबाई मिस्त्रीला हळूच म्हणाल्या, "कापताना तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. म्हटलं काकांचं काहीतरी असेल. मागे नाही का, त्यांनी एका घरात वरचं कपाटच बसवू दिलं नाही. का, तर त्या बाई गाताना मान वर करतात. तेव्हापासून मी त्यांना विचारणं सोडलं."

काकांनी टॅब काढला. आराखडा वरून पाहिला. सगळं जागेवर. मग समोरून पाहिला. उजवं कपाट चार बोटं खाली, अगदी ठळक, कुणी मुद्दाम बसवल्यासारखं. वरून बघणाऱ्याला उंची दिसत नाही. एका डोळ्याने रस्ता ओलांडला होता, आणि गाडी दुसऱ्या बाजूने आली होती.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी समोरून बघितलं नाही. पाट्यावर दोन्ही एकदम दिसायचं."

मालकीणबाईंनी मान खाली घातली, आणि काकांना त्यातच मऊ खुर्ची दिसली.

"बदला हे," थोरली म्हणाली. "ओटा आहे की जिना?"

"बदलू," मिस्त्री म्हणाला. "दगड कुठे बसलाय अजून? उचलतो हे, नवं कापून आणतो."

त्याची माणसं पुढे झाली. तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. काढायचंच आहे, तर काढायच्या आधी एकदा खोटा स्वयंपाक होऊ दे." हे ते कशासाठी म्हणाले ते त्यांनाही माहीत नव्हतं. हे आपलं शेवटचं घर असेल तर रीतीप्रमाणे व्हावं, इतकंच असेल. त्यांनी स्टूल उघडलं आणि बसले.

थोरली कुरकुरत डावीकडे गेली. धाकटी कुणी न सांगता उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिने फळीवर हात ठेवले आणि नसलेलं पीठ मळायला सुरुवात केली. कोपर वाकले, खांदे खाली आले, सगळं अंग त्या पिठात उतरलं. काकांनी सवयीने तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीवर टेकलेल्या होत्या. आणि तेव्हा त्यांना आठवलं, की मापाच्या दिवशी या पायांनी टेबलाखाली काहीतरी सारलं होतं, आणि नंतर खोट्या स्वयंपाकात या टाचा उचललेल्या होत्या.

ते वाकले आणि टेबलाखालून त्यांनी ते ओढून काढलं. फळांची लाकडी पेटी होती, उपडी. तिच्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडाची, कडेला शिवण घातलेली छान गादी ठोकलेली होती.

"ही कुणाची?"

"हिची," थोरली म्हणाली. "यावर उभी राहून मळते. हात पुरत नाहीत ना तिचे. पण त्या दिवशी..."

"परक्या माणसासमोर पेटीवर चढून कसं उभं राहायचं?" धाकटी म्हणाली.

"अगं, पण बोलायचं होतंस ना मग! ही पेटी रोज माझ्या पायात येते. दर आठवड्याला मी धडपडते."

"मला रोज वाटायचं, आज तरी हिच्या लक्षात येईल."

"तोंड आहे ना तुला?"

"तोंडात टाचण्या असतात, ताई."

मिस्त्री फिस्सकन हसला आणि खोकल्याचं नाटक करू लागला. धाकटीने काकांकडे पाहिलं. "तुम्ही टॅब हातात देऊन गेलात. त्यात आमच्या ओट्याचं चित्र होतं. मी माझ्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इथवर असता तर. आणि तो खाली आला." तिने फळीवरून हात फिरवला. "मला वाटलं, मंजूर झालं."

काका स्टुलावरच बसून राहिले. रोज संध्याकाळी फडक्याने पुसलेला पाट्याचा पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. पिठाची बोटं, तेलाची बोटं, कडेला कुठेतरी उमटलेली, कुणाच्याच ध्यानात न आलेली लहानशी बोटं. पडद्याच्या मध्यावर बोलणाऱ्यांची बोटं असत. कडेला कोणाची असत? आपण वर्षानुवर्षं कुणाकुणाचं म्हणणं पुसून टाकलं, आणि पडदा लख्ख झाला म्हणून खूश झालो, हे आता कोण सांगणार?

थोरली उजवीकडे आली. खालच्या फळीवर तिने हात ठेवून पाहिला. "माझी कंबर मोडेल इथे."

"तुला कुणी बोलावलंय?"

"आणि दूध उतू गेलं की पुन्हा दोघींची टक्कर."

"दूध उतू चाललंय!" मालकीणबाई एकदम ओरडल्या. सगळे दचकले. थोरलीने धाव घेतली ती थेट शेगडीच्या जागेपर्यंत. धाकटी जागची हलली नाही.

"तू का नाही आलीस?"

"शेगडी तुझ्या बाजूला आहे," धाकटी म्हणाली आणि पीठ मळत राहिली. "माझे हात भरलेत."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग मिस्त्रीकडे वळून, लाइन जोडून दिल्यासारख्या आवाजात म्हणाली, "राहू दे असंच. दगड दोन तुकड्यांत आणा. आणि ही पेटी खाली नेऊन टाका."

"टाकू नका," धाकटी म्हणाली. "वरचा डबा काढायला तुला लागेल. तूही काही ताडमाड नाहीस."

पेटी राहिली.

जिन्यात मालकीणबाई काकांच्या शेजारून उतरत होत्या. एका वळणावर थांबल्या. "फळी चुकली की नाही, काका?"

"चुकली."

"म्हणजे अट?"

"मी जिंकलो असं मी म्हणणार नाही," काका म्हणाले. "टॅब लॅपटॉपच्या जागी येत नाही, हे दिसलं. त्याला दोन्ही बाजू एकदम दिसत नाहीत. पण पाट्याने ती पेटी टेबलाखालून बाहेर काढली नसती, बाई. मी शंभर वेळा ओरडलो असतो तरी नाही."

"या वेळी नशीब. पुढच्या वेळी कुणाचं बोट लागून शेगडी मोरीत गेली तर? मला हे चुकून झालेलं नको. ठरवून व्हायला हवं."

काकांनी कठड्याला टेकून विचार केला. मग म्हणाले, "दोन प्रती करीन. एक कुलूपबंद, माझी. दुसरी उघडी, घरच्यांची. दुसरी प्रत प्रत्येकाच्या हातात थोडा वेळ एकट्याच्या द्यायची आणि आपण नळ बघायला जायचं. मग कारखान्यात येऊन दोन्ही प्रती पाट्यावर शेजारी शेजारी उघडायच्या. जिथे फरक दिसेल तिथे त्या घरी फोन करायचा, की हे बोट कुणाचं, आणि का?"

"म्हणजे लॅपटॉप लागणारच."

"लागणारच. माझ्या खांद्यावर मात्र नाही."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी मांजरीची लांबी मोजताना मांजर हलली की त्या अशाच बघायच्या, रागवावं की हसावं ते न कळून. "उद्या सकाळी एक माप आहे," त्या म्हणाल्या. "चौथा मजला. लिफ्ट नाही."

"आणि शोरूमची खुर्ची?"

"सफरचंदं बसतील तिच्यावर. चला."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर काका फडकं घेऊन बसले, पण पडदा पुसायच्या आधी खिडकीच्या उजेडात तिरपा धरून बराच वेळ बघत राहिले.

"आज कुणाची बोटं आणलीत?" बायकोने विचारलं.

काकांनी फडकं बाजूला ठेवलं. "ये इकडे," म्हणाले. आपल्याच स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी कधी काढला नव्हता. आता भराभर काढला. ओटा, सिंक, शेगडी, कपाट. उंचीचा अंदाज यावा म्हणून ते सॉफ्टवेअर आपणहून एक लहानसा माणूस चित्रात उभा करायचं. तो माणूस कपाटापाशी हात लोंबकळत सोडून उभा होता. काकांनी टॅब बायकोच्या हातात दिला. "बोट लाव. काय हवं ते सरकव. मी बाहेर जाऊन येतो."

"बाहेर कशाला? तुमच्यासमोर सांगायला मी काय घाबरते?" तिने पडद्याकडे नीट पाहिलं. ओट्याला हात लावला नाही. कपाटाला लावला नाही. त्या लहानशा माणसावर बोट ठेवून त्याला ओढत ओढत नेलं आणि सिंकसमोर उभं केलं.

"अगं, तो मापापुरता असतो. उंची कळावी म्हणून."

"कळली उंची. बरोबर पोहोचतोय. राहू दे तिथेच."

काकांचं बोट मागे घ्यायच्या बाणापर्यंत गेलं आणि हवेतच थांबलं. "खांदा दुखतो माझा," ते म्हणाले.

"डाव्या हाताने घासा," बायको म्हणाली, आणि कुणी शिकवलेलं नसताना तिने चित्र जतन करायचं बटण दाबलं.